‘कंपाउंड’ म्हणजे दोन इंजिने जोडणे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ब्रिटनमधल्या जुन्या मालगाडी-इंजिनांवर लेख आला, याचा फार आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रांत वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की तो बहुधा डोंगर, धूर आणि शिट्टी यांच्यापाशीच थांबतो. या लेखात निदान लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे, क्रू इथला तिचा कारखाना आणि तिथला इंजिनांचा मुख्य अभियंता फ्रान्सिस वेब ही नावे तरी आली. पण लेखात चार चुका आहेत आणि त्या विषयाच्या मुळाशीच आहेत, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. आकड्यांशिवाय या चुका दुरुस्त होत नाहीत.

पहिली चूक शब्दाची. ‘कंपाउंड’चे भाषांतर लेखकाने ‘जोड-इंजिन’ असे केले आणि खुलासा दिला की एका गाडीला दोन इंजिने जोडत, त्याला कंपाउंड म्हणत. दोन इंजिने लावण्याला आपल्याकडचे रेल्वेवाले डबल हेडिंग म्हणतात. घाटात मागून ढकलायला लावलेले इंजिन म्हणजे बँकर. कंपाउंडचा या दोन्हींशी काही संबंध नाही. कंपाउंड इंजिन एकच असते. फरक असतो तो त्यात वाफ किती वेळा वापरली जाते याचा. साध्या इंजिनात बॉयलरची वाफ सिलिंडरमध्ये येते, पिस्टन ढकलते आणि धुराड्यातून निघून जाते. कंपाउंडमध्ये ती आधी लहान सिलिंडरमध्ये काम करते, तिथून अर्धवट दाब राखून बाहेर पडते आणि मोठ्या सिलिंडरमध्ये जाऊन पुन्हा पिस्टन ढकलते. लहान तो उच्च दाबाचा सिलिंडर, मोठा तो कमी दाबाचा. मराठीत ‘दुहेरी प्रसरणाचे इंजिन’ म्हटले तर वाचकाला निदान योग्य दिशा मिळेल. ‘संयुक्त इंजिन’ म्हटले की पुन्हा दोन इंजिनांचाच भास होतो.

हा खटाटोप कशासाठी, हेही लेखात आलेले नाही. दर चौरस इंचाला २०० पौंड दाबाची वाफ साधारण १९८ अंश सेल्सिअसला असते. काम करून ती ५ पौंड दाबाने बाहेर पडली तर १०८ अंशांच्या आसपास. साध्या इंजिनात हा सगळा चढउतार एकाच सिलिंडरच्या भिंतींना सोसावा लागतो. बाहेर जाणाऱ्या वाफेने भिंती थंड होतात, पुढच्या स्ट्रोकला (म्हणजे पिस्टनच्या एका बाजूच्या धावेला) येणारी ताजी गरम वाफ त्यांना लागताच तिचा काही भाग काम न करताच पाणी होतो. ते पाणी करायला जळालेला कोळसा फुकट जातो. कंपाउंडमध्ये हाच उतार दोन टप्प्यांत वाटला जातो. मधला दाब ६० पौंड धरला तर लहान सिलिंडर १९८ ते १५३ अंशांत काम करतो, मोठा १५३ ते १०८ मध्ये. प्रत्येकाच्या वाट्याला निम्माच चढउतार येतो, म्हणून भिंतीवर वाया जाणारी वाफही घटते. आगबोटींमध्ये हे तत्त्व आधीच सिद्ध झाले होते. तिथे तर वाफ तीन-तीनदा वापरत.

आता लेखाचा मुख्य विषय, म्हणजे वेबचे ‘क्लास बी’. हे १९०१ ते १९०४ या काळात क्रूला बांधले गेले, एकूण १७०. ब्रिटनमध्ये एवढ्या संख्येने बांधलेली मालगाडीची कंपाउंड इंजिने शोधायला गेले तर हाताच्या बोटांवरही मोजावी लागणार नाहीत, म्हणून या वर्गाबद्दल नेमके लिहायला हवे. आधीचा ‘क्लास ए’ तीन सिलिंडरांचा होता. बाहेर १५ इंच व्यासाचे दोन उच्च दाबाचे आणि आत मधोमध ३० इंच व्यासाचा एकच कमी दाबाचा. तीस इंचांचा तो सिलिंडर चौकटीच्या आत बसवायचा म्हणजे जागेची ओढाताणच. क्लास बीमध्ये वेबने त्याचे दोन केले. बाहेरचे दोन १५ इंचांचेच, आतले दोन साडेवीस इंचांचे, चौघांचा स्ट्रोक २४ इंच, बॉयलरचा दाब २०० पौंड. आठ चाके, सगळी कपलिंग रॉडने एकमेकांना जोडलेली, व्यास ४ फूट साडेपाच इंच. पुढे किंवा मागे आधाराचे लहान चाक एकही नाही, त्यामुळे इंजिनाचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडे. पहिल्या आणि शेवटच्या आसामधले अंतर १७ फूट ३ इंच. चारही सिलिंडर समोर एका रांगेत आणि चौघे मिळून दुसऱ्या आसाला फिरवत.

इथेच लेखातली दुसरी चूक आहे. लेखक म्हणतात, या इंजिनांची ‘पुढची आणि मागची चाके उलटसुलट दिशेने फिरत, म्हणून ती मोडीत निघाली’. ही कथा खोटी नाही, पण ती दुसऱ्या इंजिनांची आहे. वेबच्या तीन सिलिंडरांच्या प्रवासी-इंजिनांत ओढणाऱ्या चाकांच्या दोन जोड्या असत आणि त्यांच्यामध्ये कपलिंग रॉड नसे. एक जोडी उच्च दाबाचे सिलिंडर फिरवत, दुसरी कमी दाबाचा. १८८९-९० च्या ‘ट्युटॉनिक’ वर्गात आतल्या सिलिंडरच्या झडपेला आसावर सैल बसणारे एक्सेंट्रिक (झडप हलवणारी, मध्य सोडून बसवलेली चकती) होते. इंजिन ज्या दिशेने शेवटचे चालले असेल त्या दिशेला ते जाऊन बसे. इंजिन मागे घेऊन गाडीला लावले की एक्सेंट्रिक मागच्या दिशेलाच राहिलेले असे. मग ड्रायव्हरने पुढे जायला वाफ सोडली आणि पुढे जाणारी जोडी घसरली, तर बाहेर पडलेली वाफ आत जाऊन दुसरी जोडी उलटी फिरवी. क्लास ए आणि क्लास बी या मालगाडी-इंजिनांत आठही चाके रॉडने बांधलेली. तिथे एक जोडी पुढे आणि दुसरी मागे फिरायची तर रॉडच तुटावे लागतील. वेबच्या नावावरचा हा दोष त्याच्या मालगाडी-इंजिनांवर टाकणे अन्याय आहे.

मग क्लास बीचे खरे दुखणे कोणते? ते सांगण्याआधी त्याचे गुण सांगतो, कारण तेही खरे आहेत. एका बाजूचा लहान आणि मोठा सिलिंडर यांचे क्रँक परस्परांच्या समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर होते. एकाचा पिस्टन पुढे जाताना दुसऱ्याचा मागे येई. ये-जा करणारी वजने आपसांतच बरीचशी तोलली जात आणि आसावर पडणारे धक्केही एकमेकांना छेद देत. शिवाय जोर विभागला जाई. लहान पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस इंच, मोठ्याचे ३३०. मधला दाब ७३ पौंडांच्या आसपास असेल तर दोन्ही पिस्टनांवर सारखाच, साधारण दहा टनांचा जोर येतो. याच इंजिनांच्या पुढच्या पिढीत साडेवीस इंचांच्या दोनच सिलिंडरांवर १६० पौंडांची वाफ आली, तेव्हा प्रत्येक पिस्टनवरचा जोर जवळजवळ चोवीस टनांवर गेला. रॉड, क्रँकपिन आणि बेअरिंग यांना यातला फरक लगेच कळतो.

दुखणे पहिले : समोरचे वजन. चार सिलिंडर, त्यांची झडपांची घरे, झडपा हलवणारे लिव्हर, हे सगळे पहिल्या आसाच्या पुढे लटकलेले. आठ चाकांच्या इंजिनाला वळणावर पहिल्या चाकाची कडाच वाट दाखवते. तिच्यावर आधीच जास्त भार, त्यात १७ फूट ३ इंचांचा न वाकणारा सांगाडा. परिणाम म्हणजे पुढच्या चाकांचे टायर आणि कडा लवकर झिजणे, पुढच्या आसपेट्यांवर ताण येणे आणि इंजिनाने समोरून डोलणे. जॉर्ज व्हेल १९०३ मध्ये वेबच्या जागी आला. १९०४ पासून त्याने तीसहून जास्त क्लास बी इंजिनांच्या पुढे दोन चाकांची लहान गाडी बसवून घेतली. हीच झाली ‘क्लास ई’ आणि, मोठा बॉयलर दिलेली, ‘क्लास एफ’. पुढचा भार हलका झाला, पण लहान चाकांवर गेलेले वजन ओढणाऱ्या चाकांवरून कमी झाले. ओल्या रुळावर आणि चढावर मालगाडी-इंजिनाला नेमके तेच वजन हवे असते.

दुखणे दुसरे, आणि मला तेच सर्वांत मोठे वाटते : झडपांची मांडणी. चार सिलिंडरांना झडपाही चार, पण त्या हलवणारी जॉय पद्धतीची यंत्रणा मात्र दोनच. जॉय यंत्रणेला आसावर एक्सेंट्रिक लागत नाही. ती हालचाल कनेक्टिंग रॉडच्या मधल्या एका पिनवरून उचलते. त्यामुळे आतल्या क्रँक आसावर जागा मोकळी राहते आणि क्रँकचे गाल, बेअरिंग रुंद करता येतात. (त्याच्या बदल्यात रॉडला मध्येच भोक पाडावे लागते आणि रॉड तिथे दुबळा होतो, हेही लक्षात ठेवावे.) आतल्या झडपांना ही यंत्रणा चालवी. त्याच झडपांचा दांडा समोरून बाहेर काढून, मध्ये टेकू असलेल्या आडव्या लिव्हरने बाहेरची झडप हलवली जाई. एक टोक पुढे की दुसरे मागे. क्रँक समोरासमोर असल्यामुळे हे बरोबर जुळते. स्मोकबॉक्सच्या (धुराड्याखालच्या पेटीच्या) खाली, बफरच्या पट्टीवर या सगळ्यावर एक बिजागरीचे झाकण होते. ते पियानोच्या झाकणासारखे दिसे म्हणून या इंजिनांना ‘पियानो फ्रंट’ नाव पडले. लेखात या टोपणनावाचा उल्लेख आहे, कारण दिलेले नाही.

रचना सुटसुटीत होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे ड्रायव्हरच्या हातून एक गोष्ट गेली : लहान आणि मोठ्या सिलिंडरचा कट-ऑफ वेगवेगळा ठेवण्याची सोय. कट-ऑफ म्हणजे स्ट्रोकच्या कोणत्या टप्प्यावर वाफ आत घेणे बंद करायचे. चालू लागल्यावर ड्रायव्हर तो कमी करत आणतो, म्हणजे थोडी वाफ घेऊन उरलेला स्ट्रोक तिच्या फुगण्यावर चालतो. आता कागदावर हिशेब करून पाहा. दोन सिलिंडरांच्या क्षेत्रफळाचे गुणोत्तर साडेवीसचा वर्ग भागिले पंधराचा वर्ग, म्हणजे १.८७. लिव्हरच्या दोन्ही बाह्या सारख्या धरल्या तर दोघांचा कट-ऑफही सारखाच. समजा तो ४० टक्के आहे. हवेचा दाब धरून बॉयलरची वाफ २१५ पौंडांची. लहान सिलिंडर दर स्ट्रोकला आपल्या ४० टक्के आकारमानाइतकी वाफ घेतो आणि ती फुगून शेवटी २१५ च्या ४० टक्के, म्हणजे ८६ पौंडांवर येते. मोठा सिलिंडरही आपल्या ४० टक्केच वाफ उचलतो. जेवढी वाफ येते तेवढीच पुढे जायला हवी, म्हणून दोघांमधल्या नळ्यांतला दाब २१५ भागिले १.८७, म्हणजे ११५ पौंडांवर स्थिरावतो. म्हणजे लहान सिलिंडरमधून ८६ पौंडांची वाफ बाहेर पडायला निघते आणि समोर ११५ पौंड उभे! वाफ बाहेर जाण्याऐवजी आधी उलटी आत शिरते आणि परतणाऱ्या पिस्टनला तिच्याविरुद्ध रेटावे लागते. या गणितात कट-ऑफ साडेत्रेपन्न टक्क्यांच्या खाली आणला की लहान सिलिंडर आपलेच काम खाऊ लागतो. प्रत्यक्षात भिंतीवरचे पाणी, नळ्यांतली घट यांनी आकडे थोडे हलतील, पण दिशा हीच राहील.

त्याऐवजी लहान सिलिंडर ४० टक्क्यांवर आणि मोठा ६० टक्क्यांवर ठेवता आला असता, तर मधला दाब ७७ पौंडांवर उतरला असता आणि ८६ ची वाफ सरळ पुढे वाहिली असती. फ्रान्समध्ये द ग्लेन या अभियंत्याच्या कंपाउंड इंजिनांत नेमकी हीच सोय होती. उच्च आणि कमी दाबाच्या झडपांचे रिव्हर्सर (कट-ऑफ बदलणारे दांडे) वेगळे आणि सिलिंडरांचे गुणोत्तर १.८७ नव्हे तर २.७ च्या घरात. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०३ मध्ये विकत घेतलेले ‘ला फ्रान्स’ हे त्याच घराण्यातले. व्हेलने वेबच्या काही प्रवासी कंपाउंड इंजिनांना पुढे बाहेरच्या सिलिंडरांसाठी स्वतंत्र झडप-यंत्रणा बसवली, यावरून दोष कुठे आहे हे क्रूमध्येही कळले होते असेच म्हणावे लागते. मालगाडी-इंजिनांच्या वाट्याला मात्र ती दुरुस्ती आली नाही.

तिसरे दुखणे कामाच्या स्वरूपाचे. कंपाउंडचा फायदा मिळतो तो सतत एकसारख्या भाराखाली, तासन्‌तास. आगबोट तशी चालते. त्या काळची ब्रिटिश मालगाडी तशी चालत नसे. कोळशाचे डबे, साधे साखळीचे कपलिंग, बहुसंख्य डब्यांना ड्रायव्हरच्या ताब्यातले ब्रेक नाहीत, प्रवासी गाडीला वाट द्यायला दर थोड्या अंतरावर बाजूच्या लाइनीत जाऊन थांबायचे, पुन्हा अलगद साखळ्या ताणत निघायचे. प्रत्येक निघण्याच्या वेळी मोठ्या सिलिंडरांना वाफ पोचायला लहान सिलिंडर आधी हलावे लागतात. नेहमीच्या सूत्राने काढले तर नुसत्या उच्च दाबाच्या जोडीची ओढ सुमारे ७.८ टन येते. नंतरच्या साध्या दोन सिलिंडरांच्या ‘जी१’ इंजिनाची पहिल्या फेरीपासूनच ११.६ टन. भरलेली कोळशाची गाडी चढावर उभी असेल तर हा फरक ड्रायव्हरला कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणून कंपाउंड इंजिनात सुरुवातीपुरती वाट बदलणाऱ्या झडपा ठेवाव्या लागतात. कुठे मोठ्या सिलिंडरला थेट बॉयलरची थोडी वाफ देणाऱ्या, कुठे लहान सिलिंडरची वापरलेली वाफ सरळ धुराड्यात सोडणाऱ्या. अशी झडप नीट बंद झाली नाही किंवा उघडी राहून गेली, की दुहेरी प्रसरणाचा हिशेबच संपतो. कोळसा कंपाउंडहून जास्त आणि ताकद साध्या इंजिनाहून कमी, असा दोन्हीकडून तोटा.

फायरमनच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. धुराड्यातून बाहेर पडणारी वाफच आगीला हवा ओढते. कंपाउंडमध्ये ती दोनदा वापरलेली, म्हणून मऊ. चाकाच्या एका फेरीत चार फुस्कारे, पण साध्या इंजिनासारखे खणखणीत नाहीत. वेग असेल तेव्हा याचा फायदा होतो, अर्धवट जळलेला कोळसा उडून जात नाही. रेंगाळणाऱ्या गाडीवर मात्र आग पातळ आणि सारखी ठेवावी लागते. जाड थर घातला तर त्यातून हवा ओढली जात नाही, खालच्या जाळीवर राखेचा दगड धरतो आणि २०० पौंडांचा काटा खाली येऊ लागतो. शिवाय दाब २०० चा म्हणजे फायरबॉक्सच्या आधारखिळ्यांची गळती, नळ्यांच्या तोंडांची गळती हे सगळे १६० च्या बॉयलरपेक्षा लवकर. पिस्टन चार, त्यांच्या दांड्यांची पॅकिंग चार, क्रॉसहेड चार, कनेक्टिंग रॉड चार. शेडमधल्या फिटरला आत वाकून जिथे पोचायचे त्या जागा दुप्पट. इंग्लंडमध्ये कोळसा खाणीच्या तोंडाशी स्वस्त होता. वाचलेला कोळसा आणि वाढलेली मजुरी यांची तुलना तिथे फ्रान्ससारखी कंपाउंडच्या बाजूने झुकत नव्हती.

त्याच १९०३ मध्ये ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडन इथल्या कारखान्यात तिचा अभियंता चर्चवर्ड याने मालगाडीचे पहिले २-८-० इंजिन (पुढे दोन लहान चाके, मग आठ जोडचाके, मागे एकही नाही) बाहेर काढले. बाहेर दोनच सिलिंडर, ३० इंचांचा लांब स्ट्रोक, झडपेची चाल लांब आणि वाफेचे रस्ते मोकळे. वाफ एकदाच वापरूनही तिच्यातून बरेच काम काढता येते, फक्त तिला आत यायला आणि बाहेर जायला अडथळा होता कामा नये, हे त्या इंजिनाने दाखवून दिले. क्रूचे गणित दोन सिलिंडर की चार याभोवती अडकले होते, तेव्हा स्विंडनने झडपेकडे पाहिले. माझ्या मते लेखात या तुलनेला एक परिच्छेद तरी द्यायला हवा होता.

आणि मग आली सुपरहीटेड वाफ. बॉयलरच्या मोठ्या नळ्यांमधून बारीक नळ्यांचे वेटोळे फिरवून वाफ ३०० अंशांच्या पुढे तापवली की भिंतीला लागून पाणी होण्याची भीतीच जवळजवळ जाते. ज्या रोगावर कंपाउंड हे औषध होते तो रोगच कमी झाला, तोही दोन सिलिंडर न वाढवता. त्याची पथ्ये वेगळी. सपाट झडपा इतक्या उष्ण, कोरड्या वाफेत चरे पडून खराब होतात म्हणून गोल पिस्टन झडपा हव्यात. तेल जड हवे आणि ते यांत्रिक पंपाने सतत पोचले पाहिजे. बोवेन कुक १९०९ मध्ये व्हेलच्या जागी आला. १९१२ पासून त्याने बांधलेल्या ‘जी१’ इंजिनांत आत साडेवीस इंचांचे दोनच सिलिंडर, सुपरहीटर आणि दाब अवघा १६० पौंड. क्लास एची १११ इंजिने तोवर साधी करून झाली होती. क्लास बीमधली एकामागून एक कारखान्यात जाऊन, बाहेरचे सिलिंडर उतरवून, नव्या बॉयलरसह जी१ होत गेली. १९२३ मध्ये लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश ही मोठी कंपनी झाली तेव्हाही त्यातली काही कंपाउंड रूपात धावत होती. म्हणजे ‘मोडीत निघाली’ हेही पूर्ण खरे नाही. आठ चाके तीच, १७ फूट ३ इंचांचा पाया तोच आणि जॉय यंत्रणाही तीच. या घराण्यातली शेवटची इंजिने १९६४ च्या अखेरीपर्यंत कोळसा ओढत होती.

तिसरी चूक : लेखाच्या शेवटी महाराष्ट्राशी नाते जोडताना माथेरानची इंजिने कंपाउंड होती असे म्हटले आहे. ती नव्हती. ओरेनस्टाइन अँड कोपेलने बांधलेल्या त्या इंजिनांना बाहेर सारखेच दोन सिलिंडर आहेत. वळण घेता यावे म्हणून टोकाची चाके आसाभोवती हलणाऱ्या पोकळ नळीवर बसवली आहेत, दोनदा वाफ वापरण्याशी त्याचा संबंध नाही. भारतात चालते कंपाउंड पाहायचे असेल तर निलगिरीला जावे. तिथली एक्स वर्गाची इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर इथल्या नमुन्याची. सपाट भागात फक्त उच्च दाबाचे सिलिंडर रुळावरची चाके फिरवतात. कल्लार ते कुन्नूर या दात्यांच्या रुळावर आले की त्यांचीच वापरलेली वाफ वरच्या कमी दाबाच्या सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. खाली उच्च दाबाचा, वर कमी दाबाचा असे एकमेकांवर रचलेले सिलिंडर फलाटावरूनही दिसतात.

क्रूशी आपले खरे नाते हवेच असेल तर ते बार्शी लाइट रेल्वेत आहे. तिचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा १८७४ मध्ये क्रूच्या कारखान्यात उमेदवार होता, म्हणजे वेबच्याच हाताखालच्या कारखान्यात. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. बार्शीच्या अडीच फुटी लाइनीसाठी किटसन कंपनीकडून घेतलेली त्याची ०-८-४ इंजिनेही आठ जोडचाकांचीच, पण साध्या दोन सिलिंडरांची. तिथे आठ चाकांचे कारण वेगळे होते. हलक्या रुळांवर एका आसाचा भार पाच टनांवर जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून वजन जास्त चाकांवर वाटले.

चौथी चूक छायाचित्राची. ‘वेबचे कंपाउंड, क्लास बी’ या ओळीवर छापलेले इंजिन म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहातले ४९३९५ क्रमांकाचे. केबिनच्या बाजूवरचा आकडा छापील चित्रातही वाचता येतो. ते १९२१ मध्ये क्रूलाच बांधलेले ‘जी२’ वर्गातले इंजिन आहे. सुपरहीटर, १७५ पौंड दाब आणि आत दोनच सिलिंडर. ते एक दिवसही कंपाउंड नव्हते. ओळखण्याची खूण सोपी आहे : पुढच्या चाकांच्या समोर, पायवाटेच्या पट्टीखाली पाहावे. क्लास बीला तिथे बाहेरचा सिलिंडर आणि त्यातून दुसऱ्या चाकाकडे जाणारा रॉड दिसायलाच हवा. छापलेल्या चित्रात त्या जागी काहीच नाही, चाकांवर फक्त कपलिंग रॉड आहे. पुढच्या अंकात छायाचित्राखालची ओळ ‘लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे, जी२ वर्ग, १९२१’ अशी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कुर्डुवाडी